मिसळीच्या ताटलीचा मालक

मिसळ खाताना ब्रेड कटात भिजून त्याचा लगदा होतो, हे माझं लहानपणापासूनचं दुःख. माझा स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना असल्यामुळे त्यावर इलाज करणं हातात होतं. मी एक ताटली घडवली. मधे खोलगट वाटी आणि कडेला चंद्रकोरीसारखा उंच कप्पा, ब्रेड कोरडा राहावा म्हणून. साचा तीनदा फसला, चौथ्यांदा जमला. बायको ताटली उलटसुलट बघून म्हणाली, असलं भांडं दवाखान्यात उलटी धरायला देतात.

मी मनावर घेतलं नाही. फेसबुकवर फोटो टाकले, प्रदर्शनात स्टॉल लावला, येईल त्याला ताटली हातात दिली.

दोन महिन्यांनी राजारामपुरीतल्या एका हॉटेलात मिसळ मागवली, तर समोर माझीच ताटली. उलटी करून पाहिली. मागं शिक्का दुसऱ्याचा.

तसाच उठून वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, डिझाइनच्या नोंदणीचा अर्ज करण्याआधी ही कुणाला दाखवली होती का? मी अभिमानानं फोन पुढं केला. लाइक्ससुद्धा दाखवले.

"तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच इतका नीट जपून ठेवलाय," त्या म्हणाल्या. आधीच जगजाहीर केलेलं डिझाइन नवं धरत नाहीत, आता नोंदणी केली तरी टिकणार नाही.

मग मी शिक्केवाल्याच्याच कारखान्यात जाऊन धडकलो. गडी जराही ओशाळला नाही. तुमचंच बघून केलं की, म्हणाला, आणि वर चहा पाजला. कट पिताना तुमची कड ओठाला लागत होती, ती आम्ही गोल केली, हेही सांगितलं. खरंच केली होती.

पुढचं डिझाइन मात्र मी तोंड शिवून केलं. झाकणाचा जेवणाचा डबा. बायकोलासुद्धा दाखवला नाही. अर्ज आधी भरला. प्रमाणपत्र आलं, ते फ्रेम करून ऑफिसात टांगलं आणि मुद्दाम त्या शिक्केवाल्याला बोलावलं.

त्यानं आधी प्रमाणपत्र वाचलं, मग डबा उघडायला घेतला. झाकण निघेना. गुडघ्यात धरून ओढलं, तेव्हा निघालं.

"काळजी करू नका पावणं," तो म्हणाला. "ह्याची कोण नक्कल करत न्हाय."

चोरीचा राग आला होता, पण हे जास्त झोंबलं. आठवडाभर मी त्या झाकणाशी झटलो. शेवटी बायकोच्या हातात डबा दिला आणि कुठं अडतंय ते विचारलं. तिनं झाकणाला धरायला दोन कान काढायला सांगितले. डब्याचं रूपच बदललं, म्हणजे अर्ज पुन्हा नवा. वकीलबाईंनी विचारलं, डिझायनर म्हणून नाव कुणाचं लिहू?

बायको शेजारीच बसली होती. मी दोघांची नावं सांगितली. तिनं तिचं आधी लिहायला लावलं.