लव्हाळ्यांच्या गाण्याची पट्टी

सकाळी हिल्काने आईच्या पायपेटीवर लव्हाळ्यांच्या गाण्यातला तो वरचा सूर धरून पाहिला आणि आवाज फाटला. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. मग तिने पेटीचे झाकण लावले आणि मधाची बाटली काढली.

घरी हे असेच व्हायचे. साऱ्या उन्हाळ्यात पेटीजवळ तो सूर एकदाही लागला नव्हता, आणि रविवारी दुपारी तळ्याकाठच्या नाचमंडपात, दोनशे माणसांसमोर, एकदाही चुकला नव्हता. याचा अर्थ तिने आपल्यापुरता लावून ठेवला होता: नुसत्या भिंतींसमोर आवाज उघडत नाही, त्याला माणसे लागतात. शिवाय मध होता. मे महिन्यात एका गावच्या सभागृहात तो सूर चिरकला, तेव्हापासून ती रोज दोन चमचे मध घेत होती. पोस्टाच्या खिडकीवर गिऱ्हाइकांशी निम्मे बोलणे मानेनेच करी. कॉफीही सोडली होती. ते ऐकून पोस्टातल्या बायकांना तिला काहीतरी मोठे दुखणे जडल्याची खात्री पटली होती.

आज ऑगस्टचा शेवटचा रविवार, हंगामातला शेवटचा नाच. शेवटचे गाणे दरवर्षीप्रमाणे लव्हाळ्यांचे. सत्तावीस वर्षे ती रेइनोच्या बँडमध्ये ते गात होती. तिसऱ्या ओळीच्या टोकाला सूर एकदम वर चढतो आणि तिथे नाचणारे पुरुष बाईला नकळत जवळ घेतात. तो सूर गेला तर मंडपाला हिल्का कशाला हवी, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आवाज जातो म्हणजे काय, हे तिने लहानपणीच पाहिले होते. आई संध्याकाळी कुंपणाच्या फाटकाशी उभी राहून गाईंना हाक घाली. शब्द नसलेली, उंच, तळ्यापलीकडे जाणारी हाक. हिल्काचे पहिले गाणे तेच. रानातून घंटा वाजू लागत, मग बर्चच्या झाडांतून गाई येत. एका शरद ऋतूत त्या आल्या नाहीत. आईने तीनदा हाक घातली. हाक कुंपणापलीकडे गेलीच नाही, घोगरी होऊन जवळच पडली. आई बराच वेळ फाटक धरून उभी होती. नंतर ती काय करू लागली, तेही हिल्काने पाहिले होते, पण पुष्कळ वर्षे तिला आठवायचे ते एवढेच: फाटक, आणि समोर न हलणारे रान.

दुसरे शिक्षण राकेलकडून. राकेल हिरवा झगा घालून गावोगाव गाणारी बाई. चौदा वर्षांची हिल्का मंडपाच्या कठड्याबाहेर उभी राहून तिचे ओठ पाही. एकदा मागच्या पायरीवर रुमाल पिळत राकेल म्हणाली, "बघतेस काय? गातेस वाटतं?"

"थोडंसं."

"मग एक ऐक. सगळ्यात वरचा सूर लावलास की लोकांना वाटलं पाहिजे, हिच्याकडे आणखी एक पायरी शिल्लक आहे. नसली तरी."

हिल्का आयुष्यभर त्या नसलेल्या पायरीवर उभी होती. लग्नानंतर दोन वर्षांनी नवरा दक्षिणेला कामाला गेला आणि तिथलाच झाला, तेव्हाही ती मंडपात उभी राहिली आणि लोकांना वाटले, बाईला काही कमी नाही.

आजचा पहिला भाग, एका वॉल्ट्झमधली किंचित खरखर सोडली, तर नीट पार पडला. मध्यंतरात ती गरम पाण्याचा पेला घेऊन मंडपातल्या कॉफीच्या खिडकीपाशी उभी होती. नाचणारे वेलचीचा गोड पाव कॉफीत बुडवून खात होते, आणि तो वास तिला सहन होत नव्हता. तेवढ्यात इल्मारी आला. सत्तरीचा विधुर, एकही नाच न चुकवणारा. त्याच्या हातात नेहमीचे टेपरेकॉर्डरचे खोके होते. हिल्काची गाणी तो टेप करी आणि हिवाळाभर त्यांच्याबरोबर व्हायोलिन वाजवी.

"अगं हिल्का, एक तक्रार आहे तुझ्याविरुद्ध."

"पाय तुडवला का कुणी? त्याला मी काय करू?"

"तसं नाही. गेल्या वर्षीच्या टेपवर माझ्या तारा जुळवलेल्या आहेत. यंदाचं लव्हाळ्यांचं गाणं त्यावर बसतच नाही. तुम्ही लोकांनी खाली उतरवलंय ते. जूनमधलं अर्ध्या सुरानं, परवाचं आख्ख्या सुरानं. बरं केलंत म्हणा, तशी गोडी आली आहे. पण आधी सांगायचं ना म्हाताऱ्याला."

हिल्का हसली. हसणे चांगले जमले. मग पेला खिडकीत ठेवून ती मंचामागे गेली. कुठला सूर कुठला, हे नुसते ऐकून सांगणाऱ्यांतली ती नव्हती. ती सूर घशाने ओळखी. आणि उन्हाळाभर घशाला हलके वाटले होते. तो मधाचा गुण असे ती समजत होती.

रेइनो अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवत होता. ढोलक्या ताइस्तो सॉसेज खात होता.

"रेइनो, लव्हाळ्यांचं गाणं कुठल्या पट्टीत वाजवतोस?"

ताइस्तोचे चावणे थांबले.

"इल्मारी बोलला वाटतं," रेइनो म्हणाला.

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. आणि दर रविवारी घाबरत गायली असतीस."

"मी दर रविवारी घाबरतच गायले. आणि वर मध खात बसले वेड्यासारखी."

"मध चांगलाच असतो," ताइस्तो म्हणाला. "थंडीत."

"तू गप्प बस."

तिला राग आला होता, पण रागाखाली वेगळेच काही होते. मे महिन्यापासून ज्या सुराला ती भीत होती, तो सूर कधी समोर आलाच नव्हता. मग आज पहिल्या भागात, एका साध्या वॉल्ट्झमध्ये जे किंचित खरखरले, ते काय होते? ती खरखर आता खालच्या पायरीवर आली होती. पेटी रोज सकाळी खरे सांगत होती.

"आज मूळ पट्टीत वाजव," ती म्हणाली.

"हिल्का."

"फाटला तर फाटू दे. निदान माझा फाटेल."

रेइनोने खांदे उडवले. "तू म्हणशील तसं."

गाणी जोडीने होतात. एका बाईला नाचायला आणले की दोन गाणी तिच्याबरोबर. पहिल्यानंतर हात सोडणे म्हणजे चारचौघांत अपमान. शेवटच्या जोडीतला पहिला टँगो हिल्काने सहज गायला. तो संपला. जोडपी जागच्या जागी थांबली, हात हातात, नजर खाली, कुणी बोलेना. ही दोन गाण्यांमधली शांतता तिला कधी जाणवली नव्हती. तळ्यावरचे ऊन कठड्यातून आत येऊन लाकडी जमिनीवर पडले होते. मंचाच्या कडेला टेपरेकॉर्डरचा तांबडा दिवा जळत होता. जोडपी वाट पाहत होती, आणि तिला फाटक आठवले, न हलणारे रान आठवले.

आणि मग पुढचे आठवले. आईने दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी हाक घालणे सोडले. ती रबरी बूट चढवी, फाटक उघडी, दलदलीच्या कडेपर्यंत चालत जाई आणि तिथून, जवळून, बसक्या आवाजात हाक घाली. गाई येत. शेजारीण कुंपणावरून म्हणे, "काय गं, पायी आणायला जायचे दिवस आले का?" आई म्हणे, "आले." पुढच्या वर्षी तिला आणखी आत जावे लागले.

रेइनोची बोटे मूळ पट्टीवर ठेवलेली होती. तो तिच्याकडे पाहत होता, आणि त्याचाही चेहरा उतरला होता.

हिल्काने लोकांकडे पाठ केली. सत्तावीस वर्षांत मंचावर असे तिने कधी केले नव्हते. सगळ्यांना दिसेल असा हात वर धरून तिने तीन बोटे दाखवली आणि ती खाली वळवली. तीन अर्धे सूर खाली. रेइनोने उतरवले होते त्याहूनही एक जास्त.

ताइस्तो पुटपुटला, "आता सगळ्या गावाला कळलं."

रेइनोने बोटे सरकवली.

तिसऱ्या ओळीच्या टोकाला सूर लागला. जुनी चकाकी त्यात नव्हती, वर आणखी पायरी असल्याचा भासही नव्हता. काही पुरुषांनी बाईला जवळ घेतले. काहींनी घेतले नाही. हिल्काने ते मोजायचे नाही असे ठरवले, तरी मोजले. गाता गाताच तिच्या मनात पुढचा उन्हाळा आला: चार? मग पाच? खाली किती जागा असते, हे राकेलने सांगितले नव्हते.

गाणे संपल्यावर पुरुषांनी रीतीप्रमाणे बायकांना हाताला धरून बाकांपर्यंत पोचवले. टेपचे बटण दाबून इल्मारी मंचापाशी आला.

"पट्टी पुन्हा बदललीस," तो म्हणाला.

"हो. तारा आणखी सैल करा. आणि पुढच्या वर्षी आधी मला विचारून मगच जुळवा."

मग ती खिडकीपाशी गेली आणि तिने कॉफी मागितली.