बिनपाण्याचं झाड

अण्णांना समाधी देऊन सहा-सात महिने झाल्यावर त्यांचा वास येऊ लागला, आणि अख्ख्या गावाच्या मते त्याला मी जबाबदार होतो.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि बेल-विभूतीसकट बहुतेक आपल्याच शेतात पुरतात. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, नळदुर्गच्या पुढं आमचा जो माळाचा तुकडा आहे, तिथं पुरलं. वर वीतभर माती आणि खाली नुसता खडक. (अण्णांनी जन्मभर त्या रानाला शिव्या दिल्या आणि शेवटी तिथंच मुक्कामाला गेले.) खणणाऱ्यांनी पहार बाजूला टाकून मला विचारलं होतं, "सिद्धू, बघ बरं, पुरं का?" मी थोरला मुलगा. मी मान डोलावली. पण खड्ड्याकडं मी बघितलंच नव्हतं. बघवत नव्हतं.

अव्वाचा एकच हट्ट होता. (आईला आम्ही अव्वा म्हणतो, कर्नाटक आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.) समाधी उघडीबोडकी दिसायला नको, वर काहीतरी हिरवं पाहिजे. गुडघ्यांमुळं तिला रोज रानात जाणं जमत नव्हतं. मी नोकरीला धाराशिवला. "दर रविवारी येऊन पाणी घालीन," असं छातीठोकपणे सांगून मी तुळस लावली. तुळस गेली. झेंडू लावला, तोही गेला. मग सदाफुली लावली. ती म्हणे कशानंच मरत नाही. माझ्या हातून तिनं मरून दाखवलं! रविवार कधी लग्नात जायचा, कधी पाहुण्यात आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा पलंगावर.

मग माझं डोकं चाललं. मागच्या डोंगराच्या उतारावर खडकांच्या फटींत एक बुटकं झाड उगवतं. झाड कसलं, बोटभर उंचीच्या चौकोनी, मांसल कांड्या! पान नाही, काटा नाही. निवडुंगाचं कुपोषित पोर म्हणावं असं. पण उन्हाळाभर थेंब मिळाला नाही तरी ते मजेत असतं. आळशी मुलांसाठी देवानं मुद्दाम केलेलं! मी चार-पाच गड्डे उपटून आणले आणि समाधीवर खोचले.

"घे अव्वा, पाण्याची कटकट मिटली."

"आन् तुज्या यायची बी," अव्वा म्हणाली. मला वाटलं, कौतुक करतेय.

श्रावणात त्याला झुपक्यानं कळ्या धरल्या. जांभळट-काळ्या, शर्टाच्या गुंडीएवढ्या. मी फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अण्णांचा आशीर्वाद'. जोडलेल्या हातांचा नुसता पाऊस पडला. त्याच आठवड्यात शेजारच्या रानातल्या भीमाशप्पांचा फोन आला.

"सिद्धू, राग मानू नको बरं का. पर तुज्या अण्णांचा... म्हंजी... वास यायलाय."

"कसला वास?"

"आता कसं सांगू बाबा! मेलेल्या माणसाचा कसला येतो?"

ऑफिस सुटल्यावर तडक मोटारसायकल काढली. रानात पोचलो तर खरंच वास. कपाटामागं उंदीर मरून पडावा तसा. समाधीवर हिरव्या माशा घोंघावत होत्या. मी रुमाल काढून नाकाला लावला.

काका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, नाकाला उपरणं लावून आधीच हजर होते.

"म्या तवाच म्हणलो होतो, खड्डा उथळ हाय. आडव्या माणसाचं भागतं. बसलेल्या माणसाला उंची लागती! बापाची उंची ठाव नव्हती व्हय तुला?"

"तुम्ही तेव्हा काहीच म्हणाला नव्हता, काका."

"मनात म्हणलो होतो!"

मग उपाय सुरू झाले. पोतंभर मीठ पसरलं. वर चुना ओतला. वास हलेना. ट्रॅक्टरनं मुरूम आणून समाधीवर चांगला थर दिला. (मुरूम टाकण्याआधी मी झाडं जपून काढून ठेवली आणि नंतर वर परत लावली. अव्वाला हिरवं पाहिजे होतं ना!) दुसऱ्या दिवशी मुरमाच्या वरून वास. काकांनी आणखी एक ट्रॉली टाकायला लावली, मी झाडं आणखी वर लावली. वासही आणखी वर आला.

"अण्णा वर यायलाय," काका हळूच म्हणाले.

एरवी मी हसलो असतो. पण मला हसू आलं नाही. अण्णा मुलाच्या भरवशावर जमिनीत जाऊन बसले आणि मुलाला त्या खड्ड्यात एकदा डोकावताही आलं नाही, एवढंच मनात फिरत होतं. ऑफिस सुटलं की मी रोज रानात. रजाही टाकल्या. नाकाला रुमाल बांधून बापाच्या समाधीभोवती नुसता घिरट्या घालायचो.

शेवटी आमच्यातले विधी करणाऱ्या मठाच्या स्वामींना बोलावलं. त्यांनी एका हातानं विभूती टाकली. दुसरा हात नाकावर होता.

"इतक्या महिन्यांनी वास येत नसतो," ते म्हणाले.

"मग हा काय, स्वामी?"

"येत नसतो. पर यायलाय." त्यांनी थोडा विचार केला. "उकरून खोल करावं लागंल."

हे अव्वाला सांगायचं कुणी? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जाऊन सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. "म्या बी येते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारी, फावडी, पांढरं कापड, बेल, सगळं घेऊन आम्ही स्वामींसकट जमलो. काकांनी मापाला टेपसुद्धा आणली होती. पहिली पहार मी मारायची, असं ठरलं. मी ती उचलली तेवढ्यात अव्वा म्हणाली, "थांबा. आदी मला बोलू द्या त्यांच्यासंगं."

ती गुडघे धरत समाधीजवळ बसली. आम्हा सगळ्यांची तोंडं बांधलेली. तिनं मात्र नाकाला पदर लावला नव्हता.

"काय ओ, असं का करायलाव?" ती म्हणाली. "आंघूळ केल्याबिगर कंदी ताटावर बसत नव्हताव. आन् आता लोकांनी तुमच्यापाशी नाकं धरावीत व्हय? उठवायला आलोय आमी तुमाला. कसं उठवू? जिवावर आलंय ओ माज्या."

मी पहार खाली ठेवली. अण्णा गेले त्या दिवशी लोकांत उभं राहून दाबून धरलं होतं, ते सगळं बाहेर आलं. रुमालातच ढसाढसा रडलो. अव्वानं मातीवर कपाळ टेकलं. मग तिनं मान जराशी वळवली. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"सिद्धू, हिकडं ये. रुमाल काढ. हितं नाक लाव."

"अव्वा, अगं..."

"लाव म्हणते ना!"

मी नाक लावलं. त्या बुटक्या झाडाच्या उमललेल्या फुलांत! कपाटामागचा मेलेला उंदीर तिथंच होता.

"आता ह्या मातीला लाव."

मातीला मातीचा वास होता. थोडा मुरमाचा.

"आता परत फुलाला."

"अव्वा, कळलं!"

"कळलं तर लाव की आजून यकदा!"

फूल म्हटलं की वास चांगलाच असणार, एवढं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माशांना बोलवायला कुजक्या मांसाचा वास सोडणारं फूल असतं, हे कुणाच्या गावी नव्हतं. आणि कळणार तरी कसं? इतके दिवस आम्ही नाक दाबून वास शोधत होतो! झाड दर खेपेला मीच काढून वर लावत होतो आणि म्हणायचं काय, तर अण्णा वर येतायत.

"म्या तवाच म्हणलो होतो, झाड बरं न्हाय," काका म्हणाले.

अव्वाचे खांदे हलायला लागले. रडतेय म्हणून मी धरायला गेलो, तर ती हसत होती! अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. स्वामींनी नाकावरचा हात काढला, पुन्हा लावला आणि तेही हसायला लागले.

मी रागानं झाडाचा गड्डा धरला, उपटून भिरकावणार, तोच अव्वानं माझं मनगट पकडलं.

"हात लावू नको त्येला."

"अगं, किती घाण वास येतो!"

"येऊ दे. तुळस लावलीस, तू आला न्हाईस. झेंडू लावलास, तू आला न्हाईस. ह्येला वास सुटला तर रोज यायलास. ऱ्हाऊ दे त्येला."

मी गड्डा सोडला आणि पहारी गोळा करायला लागलो. काका टेप गुंडाळायला लागले. मनातसुद्धा ते काही म्हणाले नसावेत.

झाड अजून तिथंच आहे. पाणी कुणी घालत नाही, तरी पसरतंय. फुललं की अव्वाचा फोन येतो, "वास सुटलाय." मी गाडी काढतो. त्या वासावर रानात धाव घेणारे जीव दोनच: एक हिरवी माशी आणि दुसरा अण्णांचा थोरला. त्यातल्या माशीला फोन करावा लागत नाही.