केसरबाईची मोरपंखी साडी

मिनलच्या आईचा एकही फोटो हसरा नव्हता. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला चार दिवस उरले होते आणि ही गोष्ट मिनलला आता फारच टोचत होती. विहारात टेबलावर फोटो मांडायचा, माणसं येऊन फुलं वाहणार, मेणबत्त्या लावणार आणि समोरून केसरबाई सगळ्यांवर रुसल्यासारखी बघणार.

अल्बममध्ये आईचे सात फोटो होते, सगळे देहूरोडच्या चाळीतले. कुणाचं लग्न, कुणाचं ओटीभरण, कुणाच्या पोराचं नामकरण. सातही फोटोंत ती अगदी कडेला उभी, अंगावर धुऊन धुऊन विटलेली सुती साडी आणि ओठ घट्ट मिटलेले. खरं तर ही बाई अशी मुळीच नव्हती. कंपनीच्या कँटीनमध्ये पहाटेपासून शेकड्यांनी पोळ्या लाटून यायची आणि वर चाळीतल्या प्रत्येकीची टिंगल करायला तयार. नाइट शिफ्ट करून झोपलेला तिचा नवरा भिवा तिच्या हसण्याने जागा व्हायचा आणि बिचारा तक्रारही करायचा नाही. कॅमेरा दिसला की मात्र तिला काय व्हायचं कोण जाणे.

"दादा, फोटोपुरती तरी चांगली साडी नेसायची की नाही हिनं?" मिनलने भावाला विचारलं.

"असती तर नेसली असती," बुद्धभूषण म्हणाला.

पण साडी होती. आठवड्यापूर्वीच तिने आईची पेटी रिकामी केली होती. आईच्या साड्यांची गोधडी शिवून नातवंडांना द्यायची, हे दोघांनी ठरवलं होतं. पेटीच्या तळाशी मलमलच्या फडक्यात एक मोरपंखी रेशमी साडी निघाली, आईच्या लग्नात तिच्या मामाने दिलेली. मिनल निघोज्याजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर भिंगाखाली सुटे भाग बघायचे, ओरखडा दिसला की लाल पेटीत टाकायचे. तिला घरातली भाजी निवडतानाही हाच चाळा. रावेतच्या फ्लॅटमध्ये पलंगावर साडी पसरून तिने तपासली, तर खांद्यावर येतो तो पदर बारीक भोकांनी नुसता चाळण झालेला. कसर लागलेली दिसतेय, नेसायची नव्हती तर सांभाळायची तरी, असं मनातल्या मनात आईला बोलून तिने ती साडी बाकीच्या बोचक्यात कोंबली. बोचकं चाळीतल्या अंबूमावशींकडे पोचवलं. गोधड्या त्याच शिवतात.

फोटोसाठी शेवटी तिने त्यातल्या त्यात बरा चेहरा निवडला आणि धम्मरत्नच्या स्टुडिओत मोठा करायला दिला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला बोलावून घेतलं.

"ताई, ओठांपाशी पांढरा डाग येतोय. पुसून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

मिनल डाग न बघता पुसू देणाऱ्यातली नव्हती. तिने त्याला चेहरा आणखी मोठा करायला लावला. स्क्रीनवर आईचे ओठ वीतभर झाले, आणि डागाला एक वाटोळं टोक दिसू लागलं, मग त्यातून निघालेली तार. आईच्या ओठांत सेफ्टी पिन होती.

मिनल स्कूटरवरून घरी आली ती चप्पल न काढताच अल्बमपाशी बसली. कामावरचं भिंग तिने पर्समधून काढलं. सातपैकी तीन फोटोंत पिन स्पष्ट दिसत होती, बाकीच्यांत नुसते मिटलेले ओठ. आणि मग, इतकी वर्षं आईकडेच बघत राहिल्यामुळे जे कधी दिसलं नव्हतं, ते तिला दिसलं. सातही फोटोंत मधोमध बाई वेगळी होती, पण साडी एकच होती. मोरपंखी. रंग उडालेल्या फोटोंतही तिचे काठ ओळखू येत होते. पदराची भोकं कसरीची नव्हती. पिनांची होती. आपण आयुष्यभर जिला रुसकी समजलो ती बाई कोण होती, हेच तिला कळेना. आणि ती साडी एव्हाना गोधडीत गेली असणार.

ती तशीच देहूरोडला निघाली. अंबूबाई दारात गोधडी पसरून बसल्या होत्या. अर्धी शिवून झाली होती. मिनल वाकून एकेक थर चाचपू लागली.

"काय हुडकतीस, पोरी?"

"मावशी, मोरपंखी..."

"ती न्हाई लावली." अंबूबाईंनी मागच्या ट्रंकेकडे बोट केलं. साडी तिथे घडी घालून ठेवली होती. "सुईच घालवंना मला. माझ्या लग्नात तीच व्हती अंगावर. तुला वाटलं आसंल फाटकी हाय."

मिनलने ती साडी उचलून घेतली.

"अख्ख्या चाळीत रेशमी साडी तेवढी एकच," अंबूबाई सांगू लागल्या. "कुणाचा फोटू म्हणलं की केसर साडी घेऊन दारात हजर. निऱ्या तीच घालणार, पदर तीच लावणार, पिना तोंडात. फोटूवाला तयार झाला तरी लांब जायाची न्हाई. पदर घसरला तर पटकन लावता यावा म्हणून कडंला हुबी."

"आणि तिनं स्वतः?"

"तिच्या लग्नात फोटूवालाच नव्हता. पुढं आमी लई येळा म्हणलं, केसर, आता तू नेस, एक फोटू काढ. तर म्हणायची, मी नेसल्यावर मला पिना कोण लावील? तुमच्या हातानं मेला पदर धड बसत न्हाई." अंबूबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मिनल साडीचा पदर मांडीवर घेऊन बसली. तिने भोकं मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने सोडून दिली. लग्नं, ओट्या, बारशी, एवढ्या बायका एकदा तरी राणीसारख्या दिसल्या होत्या. आणि ज्या बाईने त्यांना तसं केलं, ती आपली आई होती. तिला आईपुढे एकदम लहान झाल्यासारखं वाटलं.

स्टुडिओत तिने फोन केला. "डाग राहू द्या, धम्मरत्नभाऊ. ती पिन आहे."

स्मृतिदिनाला विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत आले. वंदना झाली, आठवणी सांगून झाल्या. मग अंबूबाईंनी मिनलला विहाराच्या मागच्या खोलीत नेलं आणि मोरपंखी साडी नेसवली. पिन लावायला कोरी जागा काही सापडेना. शेवटी एका जुन्याच भोकातून ती अलगद आत गेली.

बुद्धभूषणने आईच्या फोटोशेजारी मिनलला उभं करून मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळी घरी तिने तो बघितला. मधे ती होती, मोरपंखी साडीत, शेजारी चौकटीत आई. आणि अगदी कडेला अंबूबाई उभ्या होत्या, पदराकडे लक्ष ठेवून, ओठ घट्ट मिटलेले.