क्लचवायरचा फास

मामांनी जुन्या क्लचवायरी मागितल्या, तेव्हा कशाला म्हणून मी विचारलंही नाही. मी कुपवाडला कारखान्यात लेथवर कामाला. शेजारच्या गॅरेजात असल्या वायरींचं भेंडोळं कायम पडलेलं. मामांची मेंढरं जतकडच्या माळावर. कुंपण बांधायला हव्या असतील, एवढंच डोक्यात आलं. रविवारी मोटरसायकलवरून नेऊन दिल्या.

महिन्याभरानं पुन्हा गेलो, तर सकाळीच मामांची कुत्री भुंकत ओढ्याकडं धावली. मागोमाग आम्ही दोघं. बोरीच्या झुडपात लांडग्याची मादी अडकली होती. पुढचा पाय वायरीत, वायर बुंध्याला आवळलेली. ती ओरडत नव्हती, नुसती धापा टाकत होती. सडं दुधानं भरलेली. वायरीच्या टोकाची शिशाची गोळी दिसली आणि मी ओळखलं, ही मीच दिलेली क्लचवायर.

मामांनी कुऱ्हाड उचलली. "चार कोकरं खाल्ली हिनं. बाजूला हो."

"मामा, तार मी आणून दिलीया. हिला मारलं तर माझ्याबी माथी येतंय."

"मेंढरं तुझी न्हाईत गड्या. तुझं काय जातंय?"

मी जागचा हललो नाही. तसाच वनखात्याला फोन लावला. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "यायला दोन तास लागतील. कुत्री बांधा. लांबूनच तिच्या तोंडावर कापड टाकता आलं तर बघा. दिसलं नाही की शांत राहील."

मामांनी ते ऐकलं. बराच वेळ ते तिच्या पोटाकडं बघत होते.

"पिल्लं कुठं असतील रं हिची?"

कुऱ्हाड खाली ठेवून त्यांनी खांद्यावरचं घोंगडं लांबूनच तिच्यावर टाकलं.

ते दोन तास मला बसवेना. सडकेपर्यंत जायचो, परत यायचो. सडकेवर गाडीचा आवाज आला की घोंगडं हलायचं, तसा मी जागीच थांबायचो.

शेवटी वनखात्याची गाडी आली. भुलीचं इंजेक्शन दिलं, वायर कापली. कातडी चिरली होती, हाड शाबूत होतं. दुपारी ती उठली, एकदा कोलमडली, पुन्हा उठली आणि लंगडत टेकाडाआड गेली.

"फास मीच लावला," मामांनी गाडीतून आलेल्या साहेबांना सांगितलं. तार कुणाची, ते मी सांगितलं. पुढं दोघांनाही कचेरीत चकरा माराव्या लागल्या.

मामांनी एकूण पाच फास लावले होते. त्याच दिवशी आणखी तीन सापडले, ते काढून टाकले. पाचवा नेमका कुठं लावला, ते त्यांना आठवेना. अजून सापडलेला नाही. सुट्टीच्या दिवशी मी पक्कड घेऊन माळ धुंडाळतो. प्रत्येक झुडूप वाकून बघतो.

"गंजून तुटली असंल रं," मामा म्हणतात.

क्लचवायर इतक्या लवकर गंजून तुटत नाही, हे मला ठाऊक आहे.