तेरावा फर्मा

दाभणकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं वाचनालयात आता कुणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं ते जुनी पुस्तकं उसवून पुन्हा शिवत होते. सोळा-सोळा पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, क्रमाने लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची आणि वजनाखाली ठेवायचं. आत काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आपण बांधलेल्या एकाही पुस्तकाची तक्रार आली नाही, एवढं मात्र ते कुणी न विचारताच सांगत.

मग बांधणी विभागाचे प्रमुख निवृत्त व्हायला आले. त्या जागेवर काकांचाच हक्क होता, पण नियमात दहावी होती आणि काकांची गाडी सातवीतच अडली होती. बावन्नाव्या वर्षी त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. तिथल्या बाईंनी एक जुनी, गाजलेली कादंबरी लावली होती आणि तिच्यावर तीन चाचण्या. तिन्ही मिळून तीसपैकी पंधरा गुण पडले तरच परीक्षेचा फॉर्म भरता येणार. काकांचे दोन चाचण्यांत नऊ झाले होते. तिसरी नवव्या प्रकरणावर होती आणि तिच्यात सहा हवे होते.

पुस्तक त्यांनी वाचनालयातूनच आणलं, अकरा वर्षांपूर्वी स्वतः बांधलेलं. परक्या हातची शिवण त्यांना बघवत नसे. नवव्या प्रकरणात नावाड्याची विधवा ट्रंक भरते, घराला कुलूप लावते आणि पलीकडच्या तीरावर कायमचं जायला धक्क्यावर येते. काका मोठ्याने वाचत, काकू इस्त्री करता करता ऐकत. विधवा धक्क्यावर पोचली, पान उलटलं, तर ती पुन्हा घरात ट्रंक भरतेय.

"हे आत्ताच झालं की," काकू म्हणाल्या.

पानं चुकली असतील ही शंका दुसऱ्या कुणालाही आली असती. काकांना कशी येणार? शिवण त्यांची होती. शिवाय मोठे लेखक उगाच काही लिहीत नाहीत, असं बाईंनी बजावलं होतं. घर काही एका फेरीत सुटत नाही, ती धक्क्यावरून परत आली असणार, असं त्यांनी काकूंना समजावलं. काकूंनी पटल्यासारखं केलं आणि शर्टाची कॉलर उलटली. काकांनी चार दिवस ती पानं घोकली, आणि दुसऱ्या फेरीत त्यांना त्या विधवेचा जास्तच कळवळा आला.

चाचणीतले सगळे प्रश्न नावेतल्या प्रवासावर निघाले. काकांनी मन लावून लिहिलं, की आधी ती नावेत चढलीच नाही. शून्य पडलं. शेजारी लाल शाईत शेरा होता: कल्पना छान, पण पुस्तकात नाही.

काका तडक पुस्तक घेऊन टेबलापाशी गेले. बाईंनी पानं चाळली. दोनशे आठनंतर पुन्हा एकशे त्र्याण्णव. तेरावा फर्मा दोनदा होता, चौदावा नव्हताच. त्या म्हणाल्या, यात तुमचा काय दोष, परवा फेरचाचणी घेते, आणि वाचनालयाला पत्रही लिहिते, की असला बाइंडर ठेवलाच कसा. वर्ग हसला.

पत्र गेलं तर प्रमुखाची जागा गेलीच. काकांनी घसा खाकरला.

"बाई, तो बाइंडर मीच."

बाई ओशाळल्या. पत्राची गोष्ट पुन्हा निघाली नाही. फेरचाचणीत काकांना सात पडले आणि फॉर्मही भरला गेला.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाचनालयाच्या कपाटातून त्याच कादंबरीची जोडीची प्रत शोधून काढली. तिच्यात चौदावा फर्मा दोनदा होता. एकाच दिवशी बांधताना अदलाबदल झाली होती. त्यांनी दोन्ही उसवल्या आणि नीट शिवल्या. मग सहज म्हणून सुरुवातीला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरचे शिक्के मोजले. दोन्ही प्रती मिळून सत्तेचाळीस जणांनी नेल्या होत्या. अकरा वर्षांत तक्रार का आली नाही, ते काकांना तिथे कळलं. शून्य लागलं नव्हतं एवढं हे लागलं.

संध्याकाळी त्यांनी काकूंना शिक्क्यांचा हिशेब सांगितला.

"तिथवर पोचलेली तू एकटीच," ते म्हणाले.

"मग नावेत काय झालं ते वाचा की," काकू म्हणाल्या. त्यांनी इस्त्री बंद केली आणि समोर येऊन बसल्या.