बाल्दाच्या दारचं मीठ

माझा भाऊ लिबोरियो याला बोट लागायची. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची संधी नको. सिसिलीत टेरासिनीला आमचा आजा तांडेल, बाप तांडेल, आणि इकडे अमेरिकेत ग्लॉस्टरच्या धक्क्यावर मी तांडेल. माझी बोट आईच्या नावाची, ‘प्रोव्हिदेन्सा’. तिच्या तोडीची बोट तेव्हा धक्क्यावर दुसरी नव्हती, आजही कुणाला विचारा. अशा घरात हा जन्मला. येताना आगबोटीत पालेर्मो दिसेनासं व्हायच्या आत त्याने जे बादलीत डोकं घातलं, ते न्यूयॉर्कला बाहेर काढलं.

बाप आधीच गेलेला. माझी स्वतःची बोट व्हायची होती, म्हणून मी समोरच्या घरातल्या बाल्दास्सारेच्या बोटीवर खलाशी होतो. त्याला सगळे बाल्दा म्हणायचे. लिबोरियोलाही मी तिथेच चिकटवला. पहिल्याच फेरीत तो पकडलेल्या मासळीवर ओकला. बाल्दाने बोट फिरवली, धक्क्याला लावली आणि सगळ्या वस्तीसमोर ओरडला, “हे पोतं उतरवून घ्या रे. ए ओकाऱ्या, जा, आईच्या चुलीपाशी बस.”

लोक हसले. मी माझे गमबूट काढले, बाल्दाच्या पायाशी ठेवले आणि भावाच्या मागोमाग अनवाणी उतरलो. त्या दिवसापासून समोरासमोरच्या दोन घरांत बोलणं बंद.

पण बाल्दा म्हणाला तेच झालं, हा चुलीपाशीच बसला. बोस्टनच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागला आणि बघता बघता तिथला मुख्य आचारी झाला. कमाई माझ्याहून जास्त. धक्क्यावर ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगायचो. आईला म्हणाला, “चल बोस्टनला.” आई म्हणाली, “मला खिडकीतून धक्का दिसला पाहिजे. तुझ्या बोस्टनात दिसतो का?” झालं. हॉटेलचा मालक मोटार घेऊन समजवायला आला, तरी याने नोकरी सोडली आणि आमच्या घराखाली खानावळ टाकली. रविवारी ती बाहेरच्यांना बंद. रविवारी आई, बहीण क्रोचिफिस्सा आणि तिचं लेंढार, मी, माझी बायको, आमची पोरं, एवढेच. एकदा नगराध्यक्ष पाहुण्यांना घेऊन रविवारीच दारात उभे राहिले. हा एप्रन बांधलेला, कमरेला लाकडी चमचा खोचलेला. म्हणाला, “साहेब, आज आई जेवतेय. उद्या या.” आणि आले की नाही ते? आले.

तो चमचा त्याच्या कमरेला कायम असायचा. सारखं चाखायचा. चाखल्याशिवाय पाण्यालासुद्धा उकळी येऊ दिली नसती त्याने.

मग तो फेब्रुवारी आला. बाहेर समुद्रात माझं इंजिन बंद पडलं आणि वर वादळ. दुसरा तांडेल असता तर बोट गेली होती. मी ठेवली. पण ती वाहत वाहत कुठच्या कुठे गेली, आणि इकडे सगळ्यांनी आमची आशा सोडली. आईने सुतकाची काळी शाल डोक्यावर घेतली. क्रोचिफिस्सा सांगते, लिबोरियोने आईच्या डोक्यावरची शाल ओढून घेतली, घडी करून कपाटात ठेवली आणि संत जुझेप्पेच्या तसबिरीसमोर उभा राहून नवस बोलला: माझा भाऊ गास्पारे परत येऊ दे, तुझ्या सणाला पंगत घालीन.

आम्ही परत आलो, बोटीवर हातभर बर्फ घेऊन. हा धक्क्यावर उभा. मला मिठी नाही, काही नाही. म्हणाला, “नवस बोललोय. तो फिटेपर्यंत पुन्हा बुडू नकोस.”

आता जुझेप्पेची पंगत काही विकतच्या सामानाची चालत नाही. नवस बोलणाऱ्याने दारोदार जाऊन मागायचं. अमुक द्या म्हणायचं नाही, देतील ते घ्यायचं. एका दारात दोनदा जायचं नाही. घरचं काही घालायचं नाही. आणि संत म्हणून बसवलेली तीन निराधार माणसं जेवेपर्यंत कुणी काही चाखायचं नाही. स्वयंपाक करणाऱ्यानेसुद्धा नाही. आईने त्याच्या कमरेचा चमचा काढून घेतला आणि आपल्या उशीखाली ठेवला.

मी म्हणालो, “अरे, नगराध्यक्ष तुझ्या दारात येतात आणि तू भीक मागणार? मी सगळं विकत आणतो, उत्तम प्रतीचं.”

“विकत आणलेल्याने तू वाचशील का?”

“वाचलोय की.”

“मग फेडायला नको?”

“बरं, माग. पण समोर जायचं नाही. बाल्दापुढे माझ्या भावाने हात पसरलेला मला चालणार नाही.”

थोरल्याचा शब्द होता. त्याने ते एक दार सोडून सगळी वस्ती पालथी घातली. पीठ मिळालं, काबुली चणे, वाल, फ्लॉवर, बडीशेपेचा पाला, संत्री, तेल, तारल्यांची टोपली. लोक हसत द्यायचे. “लिबोरियो, आम्ही तुझ्याकडे पैसे देऊन जेवतो, आज तू आमच्याकडे?” तोही हसायचा.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी तो पीठ मळायला बसला. सगळं सामान टेबलावर मांडलेलं. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. आवाज असा होता की मी धावत आलो.

“गास्पा, मीठ नाही.”

खरंच नव्हतं. एवढ्या घरांतून एकानेही मीठ दिलं नव्हतं. मीठ कोण देणार? प्रत्येकाला वाटलं, ते तर असेलच. माझ्या बोटीच्या खोलीत मिठाची पोती पडलेली. मी म्हणालो, “आणतो.”

आई दारातच बसली होती. म्हणाली, “तुझ्यासाठीच नवस आणि तुझंच मीठ? संताला काय येडा समजतोस?”

“मग अळणी खायचं का सगळ्या वस्तीने?”

“अळणी खातील. पण खोटं नाही खाणार.”

लिबोरियो पीठ लागलेले हात मांडीवर ठेवून बसून राहिला. बोस्टनच्या हॉटेलात शंभर माणसांची पानं न घाबरता वाढणारा माणूस, डोळे भरले होते त्याचे. हळूच म्हणाला, “एक दार राहिलंय.”

आई माझ्याकडे बघत होती. मी टोपी घातली. “चल,” म्हणालो, “पण एकट्याने नाही जायचं. तो काही बोलला तर मी आहे.”

बाल्दा अंगणात पिंपात मांदेली खारवत बसला होता. म्हातारा झाला होता. मुलं कॅलिफोर्नियाला गेलेली. आम्हाला बघून उठला नाही.

“कोण? ओकाऱ्या का?”

“हो काका. संत जुझेप्पेसाठी आलोय.”

“वस्ती संपली म्हणून इकडे?”

माझी मूठ खिशात आवळलेली होती.

“काय पाहिजे?”

आता मीठ म्हणता येत नव्हतं. लिबोरियो म्हणाला, “द्याल ते.”

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. मग दात काढून हसला. “तुला समुद्र पचला नाही ना रे? थांब. घरी घेऊन जा समुद्र.” आणि शेजारचा पत्र्याचा डबा उचलून त्याने पिंपातलं मीठ ओंजळीने त्यात भरलं. जाडं, ओलसर, मांदेलीच्या वासाचं. डबा लिबोरियोच्या छातीवर ठेवून म्हणाला, “घे. बादली पण देऊ का?”

माझी मूठ बाहेर आली होती. पण लिबोरियोने डबा काखेत धरला, खाली वाकला आणि म्हाताऱ्याच्या खारट हाताचं चुंबन घेतलं, जसं आम्ही वडिलांच्या हाताचं घ्यायचो. “काका, उद्या पंगतीला या.”

बाल्दा बघतच राहिला. मला म्हणाला, “याला काय झालं?”

“तुम्हाला नाही कळायचं,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

मीठ खारवलेल्या मासळीचं. त्याचा खारटपणा किती, अंदाज नाही. चाखायची सोय नाही. लिबोरियो चिमटीत घेऊन बोटांनी चोळायचा, वास घ्यायचा आणि टाकायचा. दर वेळी हात कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

दुसऱ्या दिवशी तीन संत जेवले. पास्त्यावर भाजलेल्या पावाचा चुरा; जुझेप्पे सुतार होता, त्याच्या भुशाची आठवण म्हणून. मग वस्ती बसली. सगळे म्हणाले, वा, वा. लिबोरियो मान डोलवायचा आणि दाराकडे बघायचा.

बाल्दा सगळ्यांत शेवटी आला. बसला नाही. ताटली हातात घेऊन भिंतीपाशी उभ्याने जेवला. सगळं संपवलं, पावाने ताटली पुसली, तो पावही खाल्ला. मग आत लिबोरियोपाशी गेला.

“मीठ बरोबर आहे,” म्हणाला. पुढे म्हणाला, “लिबोरियो.”

मोठमोठ्या लोकांनी माझ्या भावाची तारीफ केली. वर्तमानपत्रात फोटो आला, तो माझ्याकडे काचेत आहे. पण तसा चेहरा त्याचा मी पुन्हा पाहिला नाही.

लिबोरियो जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाल्दा त्याच्या आधी गेला. शेवटपर्यंत रविवारी आमच्याकडेच जेवायचा, आईच्या शेजारी बसून, आणि दोघं भांडायची. पंगत आता लिबोरियोची मुलगी आगाता घालते. चमचा तिच्या कमरेला असतो, सण सोडून. हल्ली वस्तीतला प्रत्येक जण मीठच देतो. डबेच्या डबे. आगाता म्हणते, “काका, या मिठात अख्खी बोट खारवता येईल.” पण पास्त्याला ती समोरच्याच घरचं घालते.

ते आणायला मी जातो. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, हे सगळ्या ग्लॉस्टरला ठाऊक आहे. वर्षातून एकदा मात्र टोपी काढून त्या दारात उभा राहतो. कॅलिफोर्नियाहून येऊन त्या घरात राहिलेली बाल्दाची नात दार उघडते.

“काय देऊ, गास्पाकाका?”

“देशील ते,” मी म्हणतो. ती आत जाते, आणि मी तिथेच थांबतो.