डावीकडं ओढणारी दांडी

गेवराईच्या बसस्टँडमागं नबी मेकॅनिकचं दुकान होतं आणि त्या दुकानात एक शब्द फुकट मिळायचा: उद्या. रेडिओ असो, मिक्सर असो, लग्नाच्या मांडवातला भोंगा असो, नबी वस्तू उलटीपालटी करून बघायचा, गोड हसायचा आणि म्हणायचा, "उद्या देतो." हातात मात्र जादू होती. त्यामुळं लोक चिडायचे, शिव्या घालायचे आणि पुन्हा त्याच्याकडंच यायचे.

दोन हजार सहा साली गावात वेगाचं इंटरनेट आलं, तेव्हा त्यानं रेडिओ मागं सरकवून तीन कॉम्प्युटर मांडले. तीन नंबरचं मशीन जवळजवळ भीमाशंकरचंच. भीमाशंकर किराणा दुकानदाराचा मुलगा, नबीचा शाळेपासूनचा दोस्त. उजव्या हाताची चार बोटं त्यानं कापसाच्या जिनिंगमध्ये गमावली होती. त्याला नेटवरच्या एका तलवारबाजीच्या खेळाचं वेड लागलं. तिथं कुठकुठली माणसं एका मैदानात भेटायची आणि त्याच्या हाताकडं कुणी बघायचं नाही.

पण कीबोर्ड एका हातानं आवरेना. मग नबीनं एक लाकडी खोकं बनवलं. वर जुन्या व्हिडिओ गेमची दांडी आणि आत रेडिओचा आवाज कमी-जास्त करायची फिरकी असते, तसल्या दोन फिरक्या, दांडी किती कलली ते मशीनला कळावं म्हणून. नेटवरून एक छोटा प्रोग्राम उतरवला. दांडी हलली की कीबोर्डची बटणं दाबल्यासारखं व्हायचं. एवढंच नाही, मशीन सुरू होताच तो प्रोग्राम भीमाशंकरचं नाव-पासवर्ड टाकून खेळही उघडून द्यायचा. दोस्ताला एका हातानं टाइप करायचा त्रास नको, एवढाच त्यामागचा विचार.

चार-सहा महिने खोकं झकास चाललं. मग एक दिवस भीमाशंकर म्हणाला, "नबी, डावीकडं ओढतंय बे. दांडी सोडली तरी खेळातला गडी चालतच ऱ्हातो."

"फिरकी झिजली असंल. नवी टाकावी लागती. उद्या बघू."

असे आठ उद्या झाले. नवव्या दिवशी भीमाशंकर वैतागला, "तू बस उद्या-उद्या करत, मीच घेऊन येतो बीडवरून," म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला. परत येताना त्या जीपला वाळूच्या ट्रकनं उडवलं.

त्याला माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी नबीला स्वतःच्याच सुट्या पार्टांच्या बिस्किटाच्या डब्यात तसली फिरकी सापडली. एक नाही, तीन.

महिनाभर त्यानं तीन नंबरच्या मशीनला हात लावला नाही. खोक्यावर फडकं टाकून ठेवलं. मग एका दुपारी लोडशेडिंग संपून लाइट आली, तेव्हा धूळ झटकायला म्हणून त्यानं मशीन सुरू केलं आणि माठातून पाणी प्यायला वळला. परत बघतो तर पडद्यावर भीमाशंकरचा गडी चालत होता. मैदानातल्या झाडाभोवती, डावीकडं, गोल गोल. खुर्चीत कुणी नव्हतं.

नबीच्या हातातला पेला पडला. तोंडानं दुवा पुटपुटत त्यानं खोक्याची वायर काढली, तसा गडी थांबला. वायर लावून प्रोग्राम बंद केला, तरी थांबला. दोन्ही सुरू केलं, की चालला. म्हणजे भूत नव्हतं. झिजलेली फिरकी होती आणि त्याचं स्वतःचंच प्रेमानं केलेलं काम. भूत असतं तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात दारात उमाबाई येऊन उभ्या राहिल्या, भीमाशंकरच्या आई. "ह्यो कोण रं चालतुया?"

"भीमाच्या नावाचा गडी हाय, मावशी," नबी बोलून गेला.

त्या दिवसापासून उमाबाई रोज तीन वाजता यायच्या, स्टुलावर बसून बघायच्या आणि "चालतुया म्हंजे बरा हाय," म्हणून जायच्या. नबी रोज मशीन लावायचा. रोज त्याचा जीव तिळतिळ तुटायचा.

पंधरा दिवसांनी पडद्यावर लाल अक्षरं आली. इंग्रजी मोडकंतोडकं लावून नबीनं अर्थ काढला: हा खेळाडू माणूस नाही, बाहेरचा प्रोग्राम चालवतोय. प्रोग्राम काढा, नाहीतर तीन दिवसांत हे नाव कायमचं पुसलं जाईल.

"काय म्हणतंय?" उमाबाईंनी विचारलं.

आता मात्र नबीला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. दांडी, फिरकी, आठ उद्या, बिस्किटाचा डबा. "माझ्या आळसापायी गेला तो, मावशी. ह्यो चालतोय ते माझ्या आळसानं चालतोय. तो न्हाई ह्यात."

उमाबाईंनी कमरेची चंची सोडून कागदाची पुडी काढली. आत तीन पायांची नवीकोरी फिरकी होती.

"पोलिसांनी दिली. त्याच्या खिशात व्हती. मला वाटलं, असंल काही त्याच्या कामाचं, म्हणून देवाजवळ ठिवली आन् हितं येताना रोज संगं आणली. हीच का?"

नबीनं मान हलवली.

"मग बसव."

त्यानं खोकं उघडलं. भर दुपारच्या उजेडात त्याचे डोळे इतके भरून येत होते, की कथलाचा डाग द्यायला तीनदा चुकला. झिजलेली फिरकी काढली, नवी बसवली, वायर लावली. पडद्यावर गडी झाडाखाली उभाच राहिला, हलला नाही. मग नाव पुसलं जाऊ नये म्हणून त्यानं प्रोग्रामही काढून टाकला.

"थांबला," उमाबाई म्हणाल्या. "लई फिरला माझा." पायरी उतरता उतरता त्या वळल्या. "नबी, एवढे दिवस तू मला कावून न्हाई सांगितलं?"

"रोज वाटायचं मावशी, उद्या सांगू."

उमाबाईंनी त्याच्याकडं एकवार पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि उन्हात निघून गेल्या. तीन वाजता त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.